पिल्लाचे पोट, ताण आणि काही हट्टी समजुती

पिल्लू घरी येते, दोन दिवस सारे घर त्याच्याभोवती नाचते आणि तिसऱ्या दिवशी सकाळी फरशीवर पातळ शी दिसते. मग सल्ल्यांना तोटा नसतो. कोणी नजर काढायला सांगते, कोणी दात येत असतील म्हणते, कोणी मोबाइलवर गोळीचे नाव पाठवते. हल्ली 'स्ट्रेस आला असेल' असेही कोणीतरी म्हणतेच. यातले प्रत्येक मत कुठल्या तरी खऱ्या निरीक्षणातून आलेले असते. अडचण अशी, की त्या एका आठवड्यात पिल्लाच्या आयुष्यात बरेच काही एकदम घडते. आई आणि भावंडे दुरावतात, प्रवास होतो, अन्न बदलते, लस टोचली जाते, जंताचे औषध पोटात जाते आणि नव्या जागेतले जंतूही भेटीला येतात. यातल्या कशानेही पोट बिघडू शकते. ज्याला जे आठवते त्याच्यावर तो बोट ठेवतो आणि बाकीचे विसरतो.

"कुत्र्याला कसला आलाय ताण? ते माणसांचे दुखणे."

हा समज टिकून आहे, कारण ताण म्हटले की डोळ्यांपुढे कर्जाचे हप्ते आणि बोर्डाच्या परीक्षा येतात. पिल्लाला यातले काहीच नसते. पण शरीराच्या लेखी ताण म्हणजे चिंता नव्हे. अनोळखी किंवा धोक्याच्या परिस्थितीला शरीर जे उत्तर देते तो ताण, आणि ते उत्तर देणारी यंत्रणा कुत्र्यात व माणसात बरीच सारखी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन हा वैद्यकाचा विद्यार्थी नुकत्याच सापडलेल्या क्ष-किरणांच्या मदतीने मांजरांच्या जठराची हालचाल पाहत होता. मांजर चिडले किंवा घाबरले की जठराच्या लाटा थांबत, शांत झाले की त्या पुन्हा सुरू होत. पुढे १९३६ मध्ये हान्स सेल्ये यांनी दाखवले, की थंडी, इजा, अतिश्रम अशा अगदी वेगवेगळ्या कारणांनी त्रासलेल्या उंदरांच्या पचनमार्गात सारख्याच जखमा होतात.

आता या मागची साखळीही बरीच उलगडली आहे. भीतीच्या वेळी मेंदूत सीआरएफ नावाचा एक संदेशवाहक पदार्थ वाढतो. त्याने जठर रिकामे व्हायला वेळ लागतो आणि मोठ्या आतड्याची हालचाल मात्र वाढते. म्हणूनच घाबरलेले पिल्लू एकीकडे खाण्याकडे पाठ फिरवते आणि दुसरीकडे पुन्हा पुन्हा शीला बसते. वरवर विसंगत वाटणाऱ्या या दोन गोष्टींचे मूळ एकच आहे. अलास्कातील इडिटारॉड ही बर्फावरची शर्यत सुमारे १,६०० किलोमीटरची असते. शर्यतीनंतर दुर्बिणीने तपासलेल्या कुत्र्यांपैकी जवळपास निम्म्यांच्या जठराला इजा झालेली आढळली होती. तिथे भीतीपेक्षा श्रमाचा वाटा मोठा, हे खरे. पण शरीरावरचा ताण पोटात उतरतो, यासाठी याहून ठळक पुरावा शोधण्याची गरज नाही.

निव्वळ ताणाने बिघडलेल्या पोटाची लक्षणेही ठरावीक असतात. शी थोडी थोडी पण वारंवार होते, शेवटी कुंथावे लागते, आव पडते, कधी तिच्यावर ताज्या रक्ताची लाल रेघ दिसते. एवढे होऊनही पिल्लू उठून लगेच कोणाची तरी चप्पल पळवायला मोकळे असते. भीतीचा क्षण सरला की भूक शाबूत, डोळे तरतरीत, उलटी नाही. बहुतेक वेळा हे सगळे काही दिवसांत ओसरते.

"घाबरले आहे बिचारे. दोन-तीन दिवसांत आपोआप थांबेल."

पहिल्या समजाच्या बरोबर उलटा आणि त्याहून घातक असा हा समज आहे. ताण खरा असतो हे एकदा पटले, की तो सगळ्यालाच लावला जातो. त्यातून प्रेमळ माणसाला हे स्पष्टीकरण फार जवळचे वाटते. पिल्लू रात्री रडले, कोपऱ्यात बसले, आईला शोधत राहिले, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. सकाळी पोट बिघडलेले दिसले की दोन्हींची सांगड घालायला वेळ लागत नाही.

कॅनाइन पार्वोव्हायरस १९७८ च्या सुमारास जगभर पसरला आणि तेव्हापासून तो पिल्लांचा सगळ्यात मोठा शत्रू राहिला आहे. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात, कधी दोन आठवडेही. हे दिवस नव्या घरातल्या पहिल्या आठवड्याशी ताडून पाहावेत. ब्रीडरकडे किंवा वाटेत लागण झालेले पिल्लू उड्या मारतच घरात शिरते आणि 'जागा बदलली म्हणून' हे उत्तर सगळ्यांच्या ओठांवर असते नेमके त्याच दिवशी आजारी पडते. हा विषाणू झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर हल्ला करतो. आतड्याच्या अस्तराला नव्या पेशी पुरवणारा थर आणि हाडांमधली मज्जा ही त्याची आवडती ठिकाणे. अस्तर झडते, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात आणि एरवी आतड्यात गुपचूप राहणारे जिवाणू रक्तात शिरतात. उपचार झाले नाहीत तर दहांपैकी नऊ पिल्लेही दगावू शकतात. सलाइन, उलटीवरचे औषध आणि चोख देखभाल वेळेत मिळाली तर बहुसंख्य वाचतात. इथे वेळ तासांत मोजायची असते.

म्हणून ताण हे निदान पशुवैद्य सगळ्यात शेवटी करतात, बाकीची कारणे बाजूला सारून झाल्यावर. लसीकरण पूर्ण झालेला तीन वर्षांचा लॅब्रेडॉर बोर्डिंगमधून परतल्यावर आव पाडत असेल आणि शेपूटही हलवत असेल, तर एक-दोन दिवस वाट पाहण्यात गैर नाही. दहा आठवड्यांच्या पिल्लाला ही सवलत नाही. पिल्लू मलूल पडले, खाणे नाकारले, उलटी झाली, शी पाण्यासारखी किंवा कुजक्या वासाची झाली, हिरड्या फिक्या किंवा कोरड्या-चिकट वाटल्या, यांतले एक जरी दिसले तरी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. नाकाला हात लावून ताप पाहण्याची पद्धत कामाची नाही. ओले नाक आजारी पिल्लालाही असते. कुत्र्याचे सामान्य तापमान १०१ ते १०२ अंश फॅरेनहाइटच्या आसपास असते, त्यामुळे ते माणसाच्या हाताला नेहमीच गरम लागते. आजारी पिल्लाचे अंग गार पडणे ही गरम लागण्याहून जास्त काळजीची खूण आहे.

"शीत रक्त दिसले म्हणजे पार्वोच."

इंटरनेटवरची छायाचित्रे पाहून हा निष्कर्ष काढणाऱ्याला दोष देता येत नाही, कारण पार्वोची रक्ताळ शी एकदा पाहिली की विसरत नाही. तरी रक्त ही केवळ एक खूण आहे. बऱ्यापैकी बांधलेल्या शीवर चिकट आव आणि एखादी लाल रेघ असेल, तर रक्त मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागातले असण्याची शक्यता अधिक. ताण, बदललेले अन्न, जंत, सगळ्यांनी ते येते. डांबरासारखी काळी शी जठर किंवा लहान आतड्यातला रक्तस्राव सांगते आणि ती कधीच किरकोळ नसते. याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. पार्वोची सुरुवात पुष्कळदा नुसत्या मलूलपणाने आणि उलटीने होते, रक्त नंतर येते. तेव्हा रक्त नाही म्हणून निर्धास्त राहणे हीदेखील तीच चूक आहे.

"पहिली लस झाली आहे, आता भीती नाही."

कार्डावर स्टिकर चिकटला, तारीख पडली, शिक्का बसला, मग भीती उरेलच कशी? पण पिल्लाला आईच्या पहिल्या दुधातून मिळालेली प्रतिपिंडे हे संरक्षणही असते आणि अडथळाही. ती अंगात असेपर्यंत लसीला निष्प्रभ करतात. ती नेमकी कधी संपतील हे प्रत्येक पिल्लात वेगळे. मधला काही काळ असा येतो, की आईचे संरक्षण विषाणू रोखायला अपुरे असते आणि लसीला अडवायला मात्र पुरेसे. म्हणूनच सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर दोन ते चार आठवड्यांनी, पिल्लू किमान सोळा आठवड्यांचे होईपर्यंत लस पुन्हा पुन्हा द्यायची असते. एका टोच्यावर विसंबून पिल्लाला बागेत सोडणे म्हणजे या मोकळ्या खिडकीत त्याला उभे करणे आहे.

'लसीमुळेच पार्वो झाला' ही तक्रारही याच घोळातून येते. लस घेताना पिल्लाला आधीच लागण झालेली असते आणि दोन-तीन दिवसांत लक्षणे दिसतात. लसीने एखादा दिवस पिल्लू सुस्तावते, कधी पोट थोडे ढिले होते, त्यापलीकडे काही झाले तर कारण दुसरीकडे शोधावे. जाता जाता एक सांगितले पाहिजे. आधीचे पिल्लू पार्वोने गेले असेल तर घर नुसत्या फिनेलने पुसून भागत नाही. हा विषाणू महिनोन्महिने तग धरतो. त्याला घरगुती ब्लीच लागते, एक भाग ब्लीचला साधारण तीस भाग पाणी या प्रमाणात, आणि तेही आधी घाण स्वच्छ धुऊन काढल्यावर.

"पोट बिघडले की दूध-पोळी किंवा दूध-ब्रेड द्यावा. हलका असतो."

दूध पिल्लाचे नैसर्गिक अन्न, इथपर्यंत बरोबर आहे. मात्र कुत्रीच्या आणि गाईच्या दुधात फरक मोठा आहे. कुत्रीच्या दुधात प्रथिने आणि स्निग्धांश गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक असतात आणि दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, कमी असते. शिवाय आईचे दूध सुटू लागते तशी लॅक्टोज पचवणारी पाचकद्रव्येही घटत जातात. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात पाणी ओढून घेते, जिवाणू ती आंबवतात, पोट गुरगुरते आणि शी पातळ होते. आधीच बिघडलेल्या पोटावर वाटीभर दूध म्हणजे आगीत तेल. दही त्या मानाने सोसते, कारण विरजणात लॅक्टोजचा काही भाग खर्ची पडलेला असतो, पण म्हणून दही हे औषध ठरत नाही.

घराघरांत दुधाचा एवढा आग्रह का, याचे उत्तर बाजारात आहे. तीस-पस्तीस दिवसांची पिल्ले सर्रास विकली जातात आणि विकणारा 'दूध-सेरेलॅक द्या' एवढे सांगून मोकळा होतो. वास्तविक कुत्र्यांचे प्रजनन आणि विक्री यांविषयी केंद्र सरकारने २०१७ मध्ये केलेल्या नियमांनुसार आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही. या नियमात भूतदया आहेच, पण पचनाच्या दृष्टीनेही तो योग्य आहे. आईपासून लवकर तोडलेल्या पिल्लाला भीतीही अधिक असते आणि आतडेही अधिक कच्चे असते.

आहाराबद्दलचा आणखी एक समज म्हणजे 'चिकन उष्ण पडते'. कुत्र्याच्या बाबतीत प्रश्न उष्ण-थंडाचा नसून बदलाच्या वेगाचा असतो. काल मांसाच्या चवीचे कोरडे दाणे खाणाऱ्या पिल्लाला आज अचानक चिकन, उद्या अंडे, परवा वरण-भात मिळाला, तर आतड्यातल्या जिवाणूंना जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. पिल्लू आधी जे खात होते तेच आठवडाभर द्यावे, मग हळूहळू त्यात नवे मिसळत जावे. पोट बिघडले असताना मीठ-मसाला, कांदा-लसूण नसलेला मऊ भात आणि उकडलेले चिकन उष्णतेने काही बिघडवत नाही. मात्र ती चार दिवसांची सोय आहे, वाढत्या पिल्लाचा कायमचा आहार होऊ शकत नाही.

"एक दिवस उपाशी ठेवले की पोट ताळ्यावर येते."

लंघनाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे आणि कुत्र्यांच्या बाबतीत तर डॉक्टरही वर्षानुवर्षे हेच सांगत आले. खाल्ले नाही तर शी कमी होते, त्यामुळे उपाय लागू पडल्यासारखा दिसतोही. प्रत्यक्षात आतड्याच्या अस्तराला आपले पोषण बरेचसे आतून जाणाऱ्या अन्नातूनच मिळते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पार्वोने आजारी पिल्लांचे दोन गट केले होते. एका गटाला उलटी थांबेपर्यंत उपाशी ठेवले, दुसऱ्याला दाखल झाल्यावर बारा तासांतच नाकातून घातलेल्या नळीने अन्न देणे सुरू केले. अन्न मिळालेली पिल्ले लवकर सुधारली आणि त्यांचे वजनही वाढले. इतक्या गंभीर आजारातही उपास फायद्याचा ठरत नसेल, तर साध्या बिघाडात त्याचा आग्रह कशाला? लहान पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा फारसा नसतो. पॉमेरेनियन, चिवावा अशा छोट्या जातींची पिल्ले काही तासांच्या उपासानेही साखर उतरून थरथरू लागतात. थोडे थोडे, वारंवार आणि पचायला सोपे अन्न हेच बरे. उलटी थांबतच नसेल तर घरी प्रयोग करत बसू नये.

"दात येताना जुलाब होतातच."

बाळांबद्दलची समजूत जशीच्या तशी पिल्लांना लावलेली आहे. कायमचे दात साडेतीन ते सात महिन्यांच्या दरम्यान येतात, आणि याच काळात पिल्लू दिसेल ते चावते: पायमोजे, कुंडीतली माती, रस्त्यावरची हाडे, फ्लिप-फ्लॉपचे रबर. हिरड्या ठणकतात, लाळ गळते, एवढे दातांमुळे. जुलाब चावलेल्या वस्तूंमुळे. त्यातली एखादी वस्तू आतड्यात अडकून बसली असेल तर 'दात येताहेत' म्हणून घालवलेले दोन दिवस महागात पडतात.

"मागची गोळी घरात आहे, तीच चालेल."

मागच्या वेळी गोळी दिली आणि दुसऱ्या दिवशी शी बांधली गेली, हा अनुभव खोटा नसतो. पण सौम्य जुलाब बहुतेकदा गोळीविनाही तितक्याच दिवसांत थांबले असते. मेट्रोनिडॅझोल हे यातले सगळ्यात लाडके नाव. निरोगी कुत्र्यांना दोन आठवडे ते दिल्यावर आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंची घडी विस्कटली आणि औषध बंद करून चार आठवडे झाले तरी काहींमध्ये ती पुरती बसली नव्हती, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. युरोपातील पशुवैद्यकीय तज्ज्ञांनी २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत कुत्र्याच्या सौम्य, अचानक लागलेल्या जुलाबांना अँटिबायोटिक देऊच नये, असा स्पष्ट सल्ला आहे.

जुलाब थांबवणारी माणसांची लोपेरामाइडची गोळी तर पिल्लाला घरच्या घरी देऊच नये. संसर्ग असेल तर तो आत कोंडला जातो. शिवाय कॉली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड आणि काही जर्मन शेफर्ड कुत्र्यांत एका जनुकातील बदलामुळे हे औषध मेंदूत शिरते आणि त्यांना गुंगी चढते. पोट दुखत असेल म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, परिणाम मात्र जठरातल्या रक्तस्रावापर्यंत जातो. ताणाने आव पडत असेल तर डॉक्टर पुष्कळदा ज्या गोष्टी सुचवतात त्या अगदी साध्या असतात: थोडे इसबगोल, शिजवलेला लाल भोपळा, कुत्र्यांसाठीचे प्रोबायोटिक आणि शांत कोपरा.

"जंताचे औषध नुकतेच दिले. जंत असणे शक्य नाही."

एक औषध सगळ्या जंतांवर चालत नाही. जिआर्डिया आणि कॉक्सिडिया हे तर जंतच नव्हेत, ते एकपेशीय परजीवी आहेत आणि नेहमीच्या गोळीला ते दाद देत नाहीत. कित्येक पिल्लांच्या पोटात ते निमूट असतात आणि प्रवास, जागाबदल, गर्दी यांनी शरीर दमले की डोके वर काढतात. म्हणजे इथे ताणही खरा आणि परजीवीही खरा. जिआर्डिया प्रत्येक शीत सापडेलच असे नाही, म्हणून वेगवेगळ्या दिवसांचे नमुने तपासायला द्यावे लागतात.

"गावठी पिल्लू आहे, दगड पचवेल."

रस्त्यावरचा धडधाकट कुत्रा कचऱ्यातले काहीही खातो आणि त्याला काही होत नाही, हे सगळ्यांनी पाहिलेले असते. जे कोणी पाहत नाही ते म्हणजे त्याची मेलेली भावंडे. पश्चिम बंगालमधील मोकाट कुत्र्यांच्या ३६४ पिल्लांवर नजर ठेवणारा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतली सुमारे १९ टक्केच वयात येईपर्यंत जगली. आपल्याला दिसतात ते वाचलेले. देशी कुत्रा आपल्या हवेत विदेशी जातींपेक्षा चांगला रुळतो हे मान्य, पण पार्वोचा विषाणू वंशावळ विचारत नाही. गटारीतून उचलून आणलेल्या पिल्लाला तर लस, जंतनिर्मूलन आणि तपासणी यांची गरज अधिकच असते.

"सगळे येऊन पाहून गेले, नजर लागली."

यातले निरीक्षण चुकीचे नाही. पिल्लू आले, शेजारपाजार लोटला, सगळ्यांनी कौतुक केले आणि दुसऱ्या दिवशी ते आजारी पडले, हा क्रम खरोखर दिसतो. कारण मात्र कौतुक करणाऱ्यांच्या डोळ्यांत नसून हातांत असते. दहा जणांनी उचलले, मुलांनी पाठलाग केला, कोणी बिस्किट भरवले, कोणी फरसाण. या वयाचे पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपते, त्या दिवशी त्याची झोप होत नाही. पाहुण्यांच्या चपलांबरोबर काय काय घरात येते ते वेगळेच. आठवडाभर पाहुण्यांना थोपवले तर बहुतेक नजरा लागत नाहीत. मीठ-मोहरी ओवाळायला कोणाची हरकत असायचे कारण नाही, दवाखान्यात जायला त्यामुळे उशीर होऊ नये इतकेच.

"दिवाळीत पोट बिघडते ते फटाक्यांमुळेच. आणि घाबरल्यावर जवळ घेतले तर भित्रेपणा वाढतो."

फटाके कारण असतातच, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच चार दिवसांत चकली, शेव, करंजीचा तुकडा, मटणाचे हाड, सगळे गुपचूप टेबलाखाली जात असते. तळणातल्या तेलाने नुसते जुलाबच होतात असे नाही, स्वादुपिंडाला सूज येऊन जिवावर बेतू शकते. फटाके ऐकू येतात आणि चकली कोणाला दिसलेली नसते, म्हणून दोष फटाक्यांना जातो. एकदा उलटी होऊन पिल्लू पाठ कमानीसारखी करून बसले, तर भीतीचे कारण पुढे करू नये.

दुसऱ्या समजाचे मूळ शिकवणीच्या नियमात आहे: ज्याला बक्षीस मिळते ते वर्तन वाढते. नियम खरा, पण तो जाणून केलेल्या कृतीला लागतो. भीती ही कृती नव्हे. धडधडणारे हृदय बक्षिसाच्या आशेने धडधडत नसते. पिल्लू जवळ येऊन बिलगले तर बिलगू द्यावे, पलंगाखाली लपले तर ओढून काढू नये. एकटे कोंडून 'सवय होईल' म्हणणाऱ्या घरांत भीती पुढच्या दिवाळीत दुपटीने भेटते आणि तिच्याबरोबर बिघडलेले पोटही.

"याचा स्वभावच नाजूक. जरा काही झाले की पोट बिघडते."

काही कुत्रे खरोखर हळवे असतात. पण दर प्रवासानंतर, दर बोर्डिंगनंतर, दर पाहुण्यांनंतर उलट्या-जुलाब, मलूलपणा, सलाइन लावले की दोन दिवसांत टवटवीत आणि महिन्याने पुन्हा तेच, असा फेरा तरुण कुत्र्यात दिसला तर तो स्वभाव नसून आजार असू शकतो. मूत्रपिंडांशेजारच्या अधिवृक्क ग्रंथी ताणाला तोंड देण्यासाठी कॉर्टिसॉल बनवतात. त्या निकामी होत गेल्या की एरवी सहज पेलणारा ताण शरीराला पेलवत नाही. याला अॅडिसनचा आजार म्हणतात. तो तरुण आणि मध्यमवयीन कुत्र्यांत, त्यातही माद्यांत अधिक दिसतो, आणि इतर आजारांची इतकी हुबेहूब नक्कल करतो की महिनोन्महिने तो 'नाजूक पोट' म्हणूनच वावरतो. इथे 'ताणामुळे होते' हे घरच्यांचे म्हणणे अक्षरशः खरे असते आणि तरीही निदान हुकते. रक्तातल्या सोडियम-पोटॅशियमचे प्रमाण बिघडलेले आढळले तर संशय येतो, पण काही कुत्र्यांत ते ठीक असते. खात्री होते ती एसीटीएच हे संप्रेरक देऊन कॉर्टिसॉल मोजण्याच्या चाचणीने. निदान झालेला कुत्रा रोजच्या औषधावर वर्षानुवर्षे व्यवस्थित जगतो. फक्त प्रवास, शस्त्रक्रिया किंवा दिवाळी आली की डॉक्टरांना विचारून त्याच्या स्टेरॉइडची मात्रा आधीच वाढवून ठेवावी लागते.